गैरहजेरीचं खरं कारण

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. त्यामुळे मला अशा शिबिरात बोलावलं की लोकांना वाटतं, हा आयटीत नोकरी कशी मिळवायची ते सांगणार. आयोजकांनाही तसंच वाटलं होतं. मी म्हटलं, नोकरीबद्दल जेवणाच्या सुट्टीत कोणीही विचारा, जेवढं येतं तेवढं सांगतो. पण माईकवर मला दुसरंच बोलायचं आहे. मला शाळेच्या हजेरीपटाबद्दल बोलायचं आहे.

तुमच्यातले निम्मे अजून शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात आहेत. एक प्रश्न विचारतो, हात वर करायची गरज नाही. तुम्ही कधी गैरहजर राहून खोटं कारण लिहिलंय का? तुम्ही हसताय, म्हणजे लिहिलंय. मीही लिहिलंय. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

तापाचा अर्ज

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वाढलो. अब्बा एसटीच्या डेपोत कामाला होते. अम्मी घरी शिवणकाम करायची. २००३ सालचा उन्हाळा तोंडावर आला होता, मी नववीत होतो. आमच्या मोहल्ल्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही रात्री दोन वाजता. नळ कधी सुटेल याचा नेम नाही म्हणून बायका आळीपाळीने जागायच्या. एके दिवशी त्यांनी ठरवलं, नगरपालिकेवर हंडा मोर्चा न्यायचा. तीसएक बायका असतील. त्यांतल्या बहुतेकींना मराठी बोलता यायचं, पण लिहिता येत नव्हतं. मी मराठी शाळेत. म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि साहेबांसमोर ते वाचून दाखवायचं कामही माझ्याचकडे आलं.

मोर्चा बुधवारी होता. शाळा होती. मी शाळा बुडवली.

निवेदन मला आजही जवळजवळ पाठ आहे. त्यात किती घरं, किती नळ, किती दिवसांनी पाणी, हे सगळं मी घरोघरी जाऊन लिहून आणलं होतं. भूगोलाच्या वहीची मागची चार पानं त्यात गेली. मुख्याधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले. एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं, दुसऱ्याचं अम्मीने दिलं. अम्मीला एखाद्या साहेबाशी बोलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाणी लगेच आलं असं नाही. पावसाळ्यानंतर चौथ्या दिवशी यायला लागलं, आणि संध्याकाळी यायला लागलं.

त्या रात्री अब्बा माझ्यावर रागावले. मोर्चावर नाही, माझ्यावर. म्हणाले, ‘तेरे को कायको पडने का इसमें? नाम लिख लेते लोगां.’ सरकारी डेपोतली नोकरी, चार पोरं, त्यांची भीती खोटी नव्हती. मग दुसऱ्या दिवसाच्या अर्जाचा प्रश्न आला. कारण काय लिहायचं? अम्मी म्हणाली, ‘बुखार लिख.’

मी लिहिलं : काल मला ताप आल्यामुळे मी शाळेत येऊ शकलो नाही. खाली अम्मीचा अंगठा.

वर्गशिक्षिका बाईंचं घर नगरपालिकेच्याच रस्त्यावर होतं. त्यांनी मला पाहिलं असणार. त्यांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, ‘उतरला का ताप?’ मी म्हटलं, ‘हो बाई.’ त्यांनी सही केली. विषय संपला.

त्याच वर्षी पल्स पोलिओची फेरी होती. आमचे दोन तास रद्द झाले, अख्खा वर्ग रांगेत गावभर फिरला, घोषणा दिल्या, फलक धरले. माझ्या हातातला फलक मी वाचलाही नव्हता. त्या दिवशी सगळे हजर. पोलिओच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. देश पोलिओमुक्त झाला तो अशाच कामाने. पण हिशेब बघा. शाळेने रस्त्यावर नेलं तेव्हा मी हजर होतो. माझ्या मोहल्ल्याच्या पाण्यासाठी मी स्वतः माहिती गोळा केली, निवेदन लिहिलं, अधिकाऱ्यासमोर वाचलं, तेव्हा मी गैरहजर होतो. नागरिक म्हणून मी केलेलं पहिलं काम शाळेच्या दप्तरात ‘ताप’ म्हणून नोंदलेलं आहे.

व्हर्जिनियातला एक अर्ज

मध्ये सतरा वर्षं गेली. २०१९-२० मध्ये कंपनीने मला अमेरिकेत पाठवलं होतं, व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनजवळच्या फेअरफॅक्स काउंटीत. तिथल्या सरकारी शाळांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं शिकतात. २७ जानेवारी २०२० पासून त्या शाळांनी एक नवा नियम लागू केला. सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्याला वर्षातून एकदा नागरी कामासाठी शाळेतून रजा घेता येईल आणि ती गैरहजेरी माफ असेल. मोर्चा, धरणं, आमदाराला भेटायला राजधानीत जाणं, काहीही चालेल. अटी साध्या होत्या. दोन दिवस आधी अर्ज द्यायचा, पालकांची परवानगी हवी, आणि त्या दिवशी थोडा वेळ तरी शाळेत तोंड दाखवायचं.

हा नियम आकाशातून पडला नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँड गावी एका शाळेत गोळीबार झाला, सतरा जण गेले. बरोबर महिन्याने, १४ मार्चला, देशभरातली मुलं सतरा मिनिटांसाठी वर्गाबाहेर आली. काही शाळांनी शाबासकी दिली, काहींनी शिक्षा दिली. २०१९ च्या सप्टेंबरात हवामानबदलासाठी मुलांनी संप पुकारला, तेव्हा न्यूयॉर्क शहराने आपल्या अकरा लाख विद्यार्थ्यांना सांगितलं की पालकांची संमती असेल तर त्या दिवसाची गैरहजेरी माफ. म्हणजे मुलं बाहेर पडत होतीच. प्रश्न एवढाच होता की शाळेच्या वहीत त्याला काय म्हणायचं.

पुढे ही गोष्ट एका काउंटीपुरती राहिली नाही. व्हर्जिनियाने २०२१ मध्ये राज्यासाठी कायदा करून माध्यमिक शाळेतल्या मुलांना वर्षाला एक पूर्ण दिवस दिला. कॅलिफोर्निया आणि इलिनॉय या राज्यांनी २०२३ च्या जानेवारीपासून तसंच केलं.

माझ्या टीममध्ये विदर्भातले एक जण होते, त्यांची मुलगी आठवीत. व्हर्जिनियाच्या विधिमंडळात त्या वर्षी स्वच्छ ऊर्जेच्या कायद्यावर चर्चा चालू होती. तिला आपल्या आमदाराला भेटायला रिचमंडला जायचं होतं. आमचे घरातले सगळे नियम त्या घरातही होतेच : आधी अभ्यास, मग बाकीचं. चार दिवस वाद चालला. शेवटी वडिलांनी सही केली. पहिले तास करून ती शेजाऱ्यांच्या गाडीने गेली. रात्री त्यांच्या घरी जेवताना तिने मला सगळं सांगितलं. आमदार चारच मिनिटं भेटले, त्यांच्या सचिवाने तिचं म्हणणं लिहून घेतलं, आणि विधिमंडळाचा जिना किती उंच आहे, वगैरे. मी तिला म्हटलं, ‘शाब्बास.’ फोटो काढला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

तिच्या अर्जावर कारणाच्या ओळीत तिने खरं कारण लिहिलं होतं. माझ्या डोक्यात तेच राहिलं.

भाच्याचा प्रश्न

आता जे सांगतो ते सांगायला मला फारसं आवडत नाही.

त्याच जानेवारीत मला माझ्या बहिणीचा फोन आला होता. दिवस आठवा. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला होता आणि गावोगावी सभा, मोर्चे, धरणी चालू होती. माझा भाचा अकरावीत होता. त्याला शहरातल्या एका सभेला जायचं होतं. शांततेची, परवानगी घेतलेली सभा होती. त्याने तो कायदा डाउनलोड करून वाचला होता, पेन्सिलने खुणा केल्या होत्या, त्याला प्रश्न होते. बहीण म्हणाली, ‘भाई, तेरा सुनता वो. उसको समझा.’

मी समजावलं. मी काय म्हणालो ते शब्द मला आठवतात. मी म्हणालो, ‘अभ्यास कर. फोटोत येऊ नकोस. उद्या पासपोर्ट लागेल, नोकरी लागेल.’ अब्बा म्हणाले होते, नाम लिख लेते लोगां. मी तेच म्हणालो, फक्त शब्द बदलले.

तो गेला नाही. आणि तीन-चार आठवड्यांनी मी ग्रुपवर त्या मुलीचा फोटो टाकला, खाली टाळ्या वाजवणारे हात. भाच्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही. वेगळा मेसेज केला : ‘मामू, उसको शाबाशी दिए तुम. मेरे को?’

मी उत्तर दिलं नाही. थोड्याच दिवसांत कोरोना आला, शाळाच बंद झाल्या, तिकडच्याही आणि इकडच्याही. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं. आज देतोय असं समजा. तो इथे बसला नाही, पण तुमच्या मासिकात वाचेल.

उत्तर असं आहे : तुझं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. पण माझी भीती मी बनवून आणलेली नव्हती. त्या मुलीच्या बाजूला एक नियम उभा होता. तिने अर्ज दिला, शाळेने शिक्का मारला, आणि उद्या कोणी विचारलं तर ती म्हणू शकते, मी परवानगीने गेले होते. तुझ्या बाजूला काहीच नव्हतं. तू गेला असतास तर कागदावर तू फक्त कॉलेजातून गायब असतास. जिथे नियम नसतो तिथे धाडस लागतं, आणि धाडसाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. कोणाच्या मुलाला पडते फक्त वर्गशिक्षकांची बोलणी, कोणाच्या मुलाला पडते त्याहून खूप जास्त. म्हणून अशा नियमाची गरज ज्याला काही भीती नाही त्याच्यापेक्षा ज्याला भीती आहे त्याला जास्त असते.

जुना वाद

शाळा की देश, हा वाद आपल्याकडे नवा नाही. १९२० मध्ये असहकार चळवळीत गांधीजींनी विद्यार्थ्यांना सरकारी शाळा-कॉलेजं सोडायला सांगितलं. अलीगढच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ती हाक ऐकली आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी तिथेच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. पाच वर्षांनी ती दिल्लीला गेली. तेव्हा बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत झाकिर हुसेन होते, जे १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. पुण्यात १९२१ मध्ये टिळकांच्या नावाने विद्यापीठ सुरू झालं तेही याच लाटेत.

पण रवींद्रनाथ टागोरांना हे पटलं नव्हतं. त्यांनी तसं गांधीजींना मोकळेपणाने सांगितलं. बंगालमधल्या स्वदेशी चळवळीच्या दिवसांत विद्यार्थ्यांचा एक घोळका त्यांच्याकडे आला होता, तुम्ही म्हणा, आम्ही शाळा सोडतो. त्यांनी नकार दिला होता. त्यांचं म्हणणं असं की एक शिक्षण सोडायला सांगता, तर त्याच्या जागी दुसरं काय देता? पोकळी देता?

मला विचाराल तर या वादात दोघंही बरोबर होते. जामिया टिकली, कारण तिथे सोडून येणाऱ्यांसाठी वर्ग होते, शिक्षक होते, पुस्तकं होती. बाकी कितीतरी मुलं नुसतीच बाहेर पडली आणि वर्षभरात मुकाट परत गेली किंवा शिक्षणातूनच गेली. आपल्या समाजात आज शाळा सुटलेली मुलं-मुली कमी आहेत का? म्हणून मी कोणालाही शाळा सोडा म्हणणार नाही. मी एक दिवस म्हणतोय. वर्षातला एक दिवस, परत शाळेतच येण्यासाठी.

दुसऱ्या टोकाचं उदाहरणही सांगतो. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात मे १९६३ मध्ये हजारावर काळी मुलं शाळा सोडून वर्णभेदाविरुद्ध रस्त्यावर आली. त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, कुत्री सोडली. शाळामंडळाने हजाराहून अधिक मुलांना काढून टाकलं किंवा निलंबित केलं. तो आदेश वरच्या न्यायालयाने लगेच रद्द केला. त्या मुलांनी परवानगी मागितली असती तर मिळाली नसती. म्हणजे एक दिवसाच्या रजेच्या नियमाने सगळे प्रश्न सुटतात असं नाही. काही वेळा परवानगी न घेताच जावं लागतं. पण तसा प्रसंग आयुष्यात एखाद्या वेळी येतो. नळाला पाणी नसण्याचा प्रसंग दर उन्हाळ्यात येतो.

आपल्याकडे आज काय आहे

आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात. फॉर्ममध्ये खऱ्या उत्तराचा पर्यायच ठेवला नाही, तर लोक खोटं उत्तर भरतात. मग वर्षभराने साहेब विचारतो, हा डेटा चुकीचा कसा? डेटा भरणारा लबाड नसतो, फॉर्म अपुरा असतो. आपल्या रजेच्या अर्जात पर्याय कोणते आहेत? आजारपण. घरचं लग्न. गावी जाणं. कोणाची मयत. यांत ‘नगरपालिकेत निवेदन द्यायला गेलो’ हा पर्याय नाही. म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या मुलांना ताप येतो.

असं नाही की आपल्या व्यवस्थेला माफ गैरहजेरी माहीतच नाही. बोर्डाच्या परीक्षेला बसायला पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते, पण आजारपणासाठी आणि वरच्या पातळीवरच्या खेळांसाठी सवलत मिळते. एनसीसीचा कॅम्प असला की हजेरी लागते. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून. तिथे वर्षाला १२० तासांचं काम करतात आणि त्याची रीतसर नोंद होते. मोठ्या माणसांसाठी तर कायदाच आहे : १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब नुसार मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते. म्हणजे नागरिकाचं काम हे कामावरून सुट्टी देण्यासारखं काम आहे, हे आपण मान्य केलेलं आहे. फक्त अठरा वर्षांच्या वर.

आणि अठराच्या खाली? बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारावर भारताने १९९२ मध्ये संमती दिली. त्याच्या बाराव्या कलमात मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांचं मत ऐकण्याबद्दल आहे, पंधराव्यात शांततेने एकत्र येण्याबद्दल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांना शाळेत परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत होती, पण आपल्या श्रद्धेमुळे गात नव्हती, म्हणून त्यांना काढलं होतं. ती मुलं मुस्लिम नव्हती; ख्रिस्ती धर्मातल्या एका छोट्या पंथाची होती. न्यायालयाने बघितलं ते एवढंच की मुलाला शाळेतही संविधानाचे हक्क असतात.

आक्षेप

मी हा विषय मित्रांत काढला की तीन आक्षेप येतात. तिन्ही खरे आहेत.

पहिला : पक्षवाले मुलं गोळा करतील. आजही करतात की. आज सभेला मैदान भरायला वर्गच्या वर्ग नेले जातात, आणि त्याला कोणी गैरहजेरी म्हणत नाही. म्हणून नियमात पहिली ओळ ही हवी की ही रजा विद्यार्थी मागेल, शाळा देऊ करणार नाही. शाळेने, संस्थाचालकाने, पुढाऱ्याने नेलं तर ती रजा नव्हे.

दुसरा : मग सगळेच कुठल्याही मोर्चाला जातील. जाऊ देत. ही सवलत मला पटणाऱ्या मोर्चासाठी आणि मला न पटणाऱ्या मोर्चासाठी सारखीच हवी. वॉशिंग्टनमध्ये दर जानेवारीत गर्भपाताविरुद्ध मोठा मोर्चा निघतो, त्यात शाळकरी मुलं असतात. हवामानाच्या मोर्चातही असतात. मुख्याध्यापकाने तारीख बघायची, पालकांची सही बघायची, घोषणा बघायची नाही. ज्या दिवशी मुख्याध्यापक घोषणा बघून सही करेल, त्या दिवशी आपली पोरं रांगेत शेवटी असतील. हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

तिसरा आक्षेप माझ्या बायकोचा आहे आणि मला तोच सगळ्यात वजनदार वाटतो. ती शिक्षिका आहे. ती म्हणाली, पालकांची सही लागणार ना? मग मुलींचं काय? मुलग्याला सही मिळेल, मुलीला ‘तू कुठे चाललीस’ मिळेल. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. अर्धं आहे. मोर्चा हे एकच नागरी काम नाही. माहितीचा अर्ज घरी बसून लिहिता येतो. २०१२ मध्ये लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीने गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली, असं माहिती अधिकारात विचारलं होतं, आणि सरकारला सगळी कागदपत्रं शोधून तशी नोंद नाही असं कळवावं लागलं. त्या कायद्यात वयाची अट नाही. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. आणि उरलेलं अर्धं उत्तर असं की ज्या घरात आई मोर्चाला जाते त्या घरात मुलीला सही मिळते. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर विधानभवनावर मोर्चा घेऊन गेलेल्या मुस्लिम स्त्रिया सातच होत्या. त्यांच्या मागण्यांबद्दल या हॉलमध्ये दहा मतं असतील, असू देत. पण त्या सात जणींना घरून सोपेपणाने होकार मिळाला असेल असं मला वाटत नाही.

मसुदा

इंजिनियर आहे, म्हणून नियमाचा मसुदा लिहूनच आणलाय. एका पानात बसतो.

आठवीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एक दिवस. दोन दिवस आधी साधा अर्ज, पालकांची सही. परीक्षेचा दिवस नको. अर्जात कुठे जाणार आणि कोणाबरोबर, एवढंच. कोणत्या बाजूने, हे विचारायचं नाही. परत आल्यावर विद्यार्थ्याने वर्गात पाच मिनिटं सांगायचं, काय पाहिलं, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळालं. सांगायचं नसेल तर एक पान लिहून द्यायचं. चुकलेला अभ्यास मागून घ्यायची जबाबदारी त्याची. हजेरीपटात त्या दिवसासाठी वेगळं अक्षर. ‘ग’ नको, आणि शाळेत नसताना ‘ह’ सुद्धा नको. ‘ना’ लिहा, नागरी काम.

हा मसुदा उद्या मंत्रालयात मंजूर होणार नाही, मला माहीत आहे. पण फेअरफॅक्समध्येही सुरुवात राज्याने केली नव्हती, एका काउंटीच्या शाळामंडळाने केली होती. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमच्या घरातलं, शेजारचं कोणी त्या समितीवर आहे का, बघा. एका शाळेच्या समितीने एक ठराव मुख्याध्यापकांपुढे ठेवला तरी चर्चा सुरू होईल. आपल्या समाजाने चालवलेल्या अनेक शिक्षणसंस्था महाराष्ट्रात आहेत. रजेचा एक नमुना बदलायला त्यांना पैसे लागत नाहीत.

आणि तोपर्यंत रजा न घेता करण्यासारखं भरपूर आहे. गावात राहत असाल तर ग्रामसभा बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. चारही दिवस सुट्टीचे. मत देता येणार नाही, मागे बसून ऐकता येतं, अजेंडा वाचता येतो. आणि सतरा वर्षं पूर्ण झाली असतील तर मतदारयादीत नावासाठी आगाऊ अर्ज आत्ताच देता येतो. अठरा पूर्ण झाल्यावर नाव लागतं. शिबिर संपल्यावर मी लॅपटॉप घेऊन बाहेर बसणार आहे. ज्यांना भरायचा आहे त्यांनी आधार कार्ड आणि एक फोटो घेऊन या. ते काम नोकरीच्या सल्ल्याच्या आधी करू.

शेवटचं सांगतो. गेल्या वर्षी घर बदललं तेव्हा अम्मीच्या ट्रंकेत भूगोलाच्या वहीची ती चार पानं सापडली. किती घरं, किती नळ, किती दिवसांनी पाणी. तिने जपून ठेवली होती. मला वाचता येतं, तिला नाही, तरी मी विसरलो होतो आणि तिने ठेवली होती. मी तिला विचारलं, ‘अम्मी, उस दिन बुखार कायको लिखने लगाई?’ ती म्हणाली, ‘सच्ची बात लिखने की जगा कहाँ थी रे?’

माझी मुलगी आता तिसरीत आहे. पाच वर्षांनी ती आठवीत जाईल आणि कधीतरी अर्ज घेऊन माझ्यापुढे उभी राहील. ती कुठल्या बाजूला जाणार आहे ते मला माहीत नाही. कदाचित मला न पटणाऱ्याच. मला सही करायची आहे, आणि कारणाच्या ओळीत तिने जे खरं आहे तेच लिहिलेलं असावं, एवढंच मला पाहिजे. त्यासाठी तेवढी एक ओळ आपल्या शाळांच्या अर्जात आणायला पाच वर्षं आहेत. मला एकट्याला जमणार नाही.